परसातली खोप आणि माझ्या चार जखमा

आमच्या घरामागे दोन गुंठ्यांचे परस आहे. चार माड, दोन पोफळी, एक रायवळ आंबा आणि सौ.चे भाजीचे वाफे एवढा त्याचा पसारा. फावडे, कोयती, खताची पोती, पाण्याची नळी हे सारे सामान वर्षानुवर्षे मागच्या पडवीत पडून असे आणि त्यावरून घरात दर पावसाळ्यात बोलणी होत. गेल्या हिवाळ्यात मी जाहीर केले, "परसात एक छोटी खोप बांधतो. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे. गडी लावायचा नाही, स्वतःच्या हाताने!"

सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता घरातली औषधांची पेटी कपाटाच्या वरच्या खणातून काढून खालच्या खणात ठेवली.

याचे कारण सांगायला हवे. गेली तीस वर्षे मी या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. लोकांच्या जखमा शिवताना माझा हात थरथरत नाही. मात्र घरात खिळा ठोकायला घेतला की हातोडी हमखास अंगठ्यावर बसते. फणस फोडताना, दिवा बदलताना, सायकलची साखळी चढवताना मी स्वतःला इजा करून घेतलेली आहे. अशा माणसाने खोप बांधायला घ्यावी हे धाडसच होते. खोप पुरी व्हायला सात आठवडे लागले आणि तेवढ्यात मला चार जखमा झाल्या. त्यांतून मला एक गोष्ट नव्याने कळली, ती आज वाचकांपुढे ठेवतो: अपघातानंतरची पहिली दहा-वीस मिनिटे ही दवाखान्याची नसतात, ती घराची असतात. त्या वेळात घरच्यांनी काय केले आणि काय केले नाही, यावर पुढचे पुष्कळसे ठरते.

पण प्रथम न झालेल्या जखमेविषयी.

चिऱ्यांच्या राशीतला पाहुणा

जांभा दगडाचे चिरे आले आणि आंब्याखाली रचले गेले. पंधरा दिवस ते तसेच होते. पायाचे काम सुरू झाल्यावर मी राशीत हात घालून एक चिरा उचलला, तर खालून तांबूस विंचू नांगी उगारून निघाला. त्याचा वार माझ्या चपलेवर बसला म्हणून बचावलो.

कोकणातल्या लाल विंचवाला कोणीही सामान्य समजू नये. नुसती ठणक असेल तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पण दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, लाळ सुटणे, हातपाय गार पडणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसले तर विष हृदयाकडे वळले असे समजावे. मुलांना हा धोका अधिक. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांसाठी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. हे औषध साधे असले तरी ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. म्हणून मंत्र, मुळी, चिरा देऊन रक्त काढणे यांत वेळ न घालवता रुग्णाला थेट जवळच्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात न्यावे.

यावरचा प्रतिबंध फुकटचा आहे. चिरे, विटा, लाकडे, नारळाच्या सोडणांचे ढीग यांत उघडा हात घालू नये. आधी पहारीने किंवा काठीने हलवून पाहावे. बाहेर ठेवलेली पादत्राणे झटकून घालावीत.

पहिली जखम : तळपायात खिळा

जुन्या दाराच्या फळ्या मी वाशांसाठी काढल्या. त्यांतले खिळे "नंतर काढू" म्हणून तसेच ठेवले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांतल्या एका फळीवर पाय दिला. खिळा रबरी चप्पल भेदून तळपायात शिरला. रक्त जेमतेम दोन थेंब आले.

वाचकहो, रक्त थोडे आले म्हणजे जखम लहान, हा समज सोडून द्या. पसरट जखमेतून रक्त वाहते, तेव्हा घाणही थोडीफार बाहेर पडते. खिळ्याची जखम मात्र अरुंद आणि खोल असते. तिचे तोंड लगेच मिटते आणि आत हवा पोचत नाही. धनुर्वाताच्या जंतूला नेमके हेच हवे असते. हा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकतो. लोक गंजाला दोष देतात, पण धनुर्वात गंजामुळे होत नाही. गंजलेल्या खिळ्याला चिकटलेल्या मातीमुळे होतो. चकचकीत नवा खिळा मातीत पडलेला असेल तर तोही तितकाच धोक्याचा.

शिकाऊ डॉक्टर असताना मी धनुर्वाताचा एक शेतकरी रुग्ण पाहिला होता. पायात काटा मोडल्यावर आठव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवले होते, कारण दार वाजले, भांडे पडले, तरी त्याचे सारे अंग धनुष्यासारखे ताठ होई. शुद्ध मात्र पूर्ण असे. त्याचे डोळे मी अजून विसरलेलो नाही. तो वाचला नाही. पुढे लसीकरणामुळे चित्र पालटले. बाळंतीण आणि नवजात बालकांतला धनुर्वात भारतातून दूर झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. परंतु जंतू मातीतून गेलेला नाही. ज्याने लस घेतली नाही त्याला तो आजही गाठू शकतो.

खिळा लागल्यावर मी काय केले? पाय वाहत्या पाण्याखाली धरला आणि साबणाने दहा मिनिटे धुतला. स्वच्छ कापड बांधले. जखमेत हळद, चुना, तंबाखू, राख, रॉकेल यांपैकी काहीही भरले नाही. या वस्तू जंतू मारत नाहीत. उलट घाण आत कोंडतात. हळद स्वयंपाकात गुणाची आहे, खोल जखमेत नाही.

मग सौ.ने विचारले, "तुम्ही शेवटचे इंजेक्शन कधी घेतले होते?" आणि मी गप्प झालो. हजारो लोकांना टोचणाऱ्या डॉक्टरला स्वतःची तारीख आठवेना! कंपाउंडरने वही चाळून सांगितले, बारा वर्षे झाली.

नियम सोपा आहे. लहानपणीचे डोस पुरे झालेल्या माणसाने दर १० वर्षांनी एक डोस घ्यावा. जखम मातीची, शेणाची किंवा खोल असेल आणि शेवटच्या डोसाला ५ वर्षे उलटली असतील तर लगेच घ्यावा. पूर्वी याला टी.टी. म्हणत. आता त्याऐवजी धनुर्वात आणि घटसर्प या दोहोंवरची टीडी लस देतात. दर खरचटण्याला नवे इंजेक्शन लागत नाही. आणि लहानपणीच्या लसी झाल्या की नाही याचीच शंका असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. अशा वेळी लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही द्यावे लागू शकते.

चप्पल भेदून खिळा गेला असेल तर रबराचा तुकडा आत राहण्याची शक्यता असते. तीन-चार दिवसांनी सूज, ठणका वाढला तर जखम पुन्हा दाखवावी. मधुमेही रुग्णांनी तर वाट पाहूच नये.

दुसरी जखम : पत्र्याची धार

पत्रा कापताना तो हातातून निसटला आणि तळहातावर दोन इंच लांब चीर पडली. रक्त भळभळा वाहू लागले. धाकटा मुलगा सुतळी घेऊन धावत आला, मनगटाला आवळायला. तिला मी नको म्हटले. सुतळीने आवळल्याने रक्तपुरवठा तुटतो आणि शिरा व मज्जातंतू दुखावतात. स्वच्छ रुमालाची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबावी, हात छातीपेक्षा उंच धरावा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे दाब सोडू नये. आमची चूक इथेच होते. "थांबले का?" म्हणून दर मिनिटाला रुमाल उचलून पाहतो आणि जमू लागलेली गुठळी सुटते. रुमाल भिजला तर त्यावरच दुसरा ठेवावा.

रक्त थांबल्यावर बोटे हलवून पाहावीत. एखादे बोट वाकत नसेल, किंवा त्याचे टोक बधिर असेल, तर आतला स्नायुबंध किंवा मज्जातंतू तुटल्याचा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी शल्यचिकित्सक गाठावा. माझी बोटे हलत होती. चार टाक्यांवर निभावले. ते शेजारच्या तरुण डॉक्टरांनी घातले आणि घालताना हसू दाबण्याचा पुष्कळ प्रयत्न केला.

तिसरी जखम : डोळ्यात सिमेंट

आता सर्वांत महत्त्वाचे. हा भाग तरी वाचकांनी घरातल्या मंडळींना वाचून दाखवावा.

भिंत खांद्याच्या वर गेल्यावर ती ओळंब्यात येईना, म्हणून शेवटी गवंडीमामांना बोलावले. ते एक बाजू धरून होते, मी दुसरी. वरच्या थरातल्या सांध्यात थापीने माल भरत असताना सिमेंटचा एक गोळा सुटून माझ्या उजव्या डोळ्यात पडला. प्रचंड आग झाली. मला सारे ठाऊक होते. तरीही त्या क्षणी मी काय केले? हाताने डोळा चोळला आणि "गाडीची चावी द्या, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो" असे ओरडत घराकडे धावलो. डोळ्यांचे डॉक्टर चाळीस किलोमीटरवर!

गवंडीमामांनी मला मधेच अडवले. "डॉक्टर, गाडी नाय, आधी पाणी!" असे म्हणत त्यांनी मला मानेला धरून नळाजवळ बसवले. सौ. धावत आली. तिने दोन बोटांनी माझ्या पापण्या फाकवल्या, मामांनी नळीने मंद धार धरली. मी ओरडत होतो, "पुरे, पुरे!" सौ. म्हणाली, "अहो, गप्प बसा. वीस मिनिटे झाल्याशिवाय सोडणार नाही. तुम्हीच लोकांना सांगता ना?" मध्ये तिने वरची पापणी उलटून ओल्या कापसाने एक वाळूचा कण काढला. मग पुन्हा पाणी.

असे का करायचे, ते समजून घेऊ. पाण्यात कालवलेले सिमेंट हे चुन्याच्या जातीचे, म्हणजे तीव्र आम्लारी असते. आम्ल डोळ्यात गेले तर वरचा थर गोठतो आणि तो थरच काही अंशी आतल्या भागाचे रक्षण करतो. आम्लारीचे तसे नाही. ते डोळ्याचा पडदा विरघळवत आत-आत उतरत जाते आणि डोळ्यात असेपर्यंत त्याचे काम चालूच राहते. त्यामुळे बाहेरून डोळा फारसा भयंकर न दिसताही बुबुळ कायमचे पांढरे होऊ शकते. इथे एकेक मिनिट मोलाचे. चाळीस किलोमीटर जाऊन उत्तम औषध घालण्यापेक्षा जागच्या जागी ओतलेले साधे पाणी अधिक गुणकारी ठरते.

पाणी निर्जंतुक हवे म्हणून थांबू नये. नळाचे, विहिरीचे, पिण्याचे, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते घ्यावे. डोके इजा झालेल्या डोळ्याच्या बाजूला कलते धरावे, म्हणजे वाहणारे पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या दुसऱ्याने उघड्या धराव्यात, कारण रुग्णाला ते साधत नाही. निदान वीस ते तीस मिनिटे धुवावे. लिंबू, व्हिनेगर, दूध, तूप, मध, गुलाबपाणी यांपैकी काहीही घालू नये. चुन्यावर लिंबाचा उतारा हा विचार डोळ्यात करायचा नसतो. त्यानंतर डोळा न चोळता, न दाबता, नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बरे वाटले तरी जावेच.

संध्याकाळी नेत्रतज्ज्ञांनी तपासून विचारले, "पाणी कोणी ओतले?" मी सांगितले. ते म्हणाले, "डोळा त्यांनी वाचवलाय. मी आता फक्त औषध लिहून देतो." वरचा थर भाजला होता, तो आठवड्यात भरून आला.

दुसऱ्या दिवशी मामांना विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले? ते म्हणाले, तरुणपणी त्यांच्याबरोबरच्या एका गड्याच्या डोळ्यात चुना गेला. चुना भिजवण्याच्या कुंडीपाशी पाणी भरपूर होते, पण सर्वांनी त्याला डोळ्याला फडके बांधून गाडीची वाट पाहत बसवले. त्याचा तो डोळा गेला. तेव्हापासून मामा कामाच्या ठिकाणी पाण्याची भरलेली बादली वेगळी ठेवतात आणि तिला कोणाला हात लावू देत नाहीत.

मातांनी एक लक्षात ठेवावे. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या आणि नळ्या मुलांच्या हाती लागतात. दाबताना त्या फुटतात आणि चुना थेट डोळ्यात उडतो. उपाय हाच: आधी पाणी, मग डॉक्टर.

ओले सिमेंट त्वचेलाही जाळते, पण ते लगेच कळत नाही. ओल्या मालात अनवाणी उभे राहिले किंवा गुडघे टेकले तर काही तासांनी आग सुरू होते आणि तोवर कातडी खोलवर भाजलेली असते. म्हणून रबरी मोजे आणि गमबूट वापरावेत, व माल लागताच धुवावा.

चौथी जखम : शेवटचा बोल्ट

पत्रे चढले. एकच बोल्ट राहिला होता. संध्याकाळचे साडेसहा, अंधार पडत आलेला. सौ. म्हणाली, "उद्या करा." मी म्हटले, "एकच तर आहे." शिडी ओल्या मातीवर टेकली आणि चढलो. वरच्या पायरीवरून एका बाजूला झुकलो, तशी शिडी सरकली. मी सहा फुटांवरून हातावर पडलो.

मुलगा काखेत हात घालून मला उठवायला आला. सौ.ने त्याला थांबवले. हे योग्यच झाले. उंचावरून पडलेल्या माणसाला ताबडतोब उभे करू नये. मान किंवा पाठ दुखते का, हातपाय हलतात का, मुंग्या येतात का, हे आधी विचारावे. यांत काही आढळले तर त्याला तसेच पडू द्यावे, डोके व मान स्थिर धरावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खांदे-पाय धरून रिक्षात कोंबण्याने मणक्याची साधी इजा कायमच्या पांगळेपणात बदलू शकते. डोक्याला मार असेल तर पुढचे चोवीस तास लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फीट, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, ही धोक्याची लक्षणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लक्षणे नसली तरी तपासून घ्यावे.

माझी मान-पाठ ठीक होती, मनगट मात्र वाकडे झाले होते. सौ.ने प्रथम माझ्या बोटातली अंगठी काढली, कारण सूज चढल्यावर ती रुतते. मग रद्दीतले आपल्याच दैनिकाचे चार अंक गुंडाळून हाताखाली ठेवले, वरून सैलसर कापड बांधले आणि हात झोळीत अडकवला. वर्तमानपत्राचा इतका उत्तम उपयोग मी पूर्वी पाहिलेला नाही. मोडलेल्या हाडाला चोळणे, तेल लावणे किंवा कामट्या घट्ट आवळणे टाळावे. प्लास्टर सहा आठवडे राहिले.

शिडीचे गणित इतकेच: ती भिंतीला जितक्या उंचीवर टेकते त्याच्या चौथ्या हिश्श्याइतके अंतर तिच्या पायथ्याशी ठेवावे. बारा फुटांवर टेकली तर पाया भिंतीपासून तीन फुटांवर. जमीन कोरडी व सपाट हवी, खाली एक माणूस हवा, आणि हात पोचत नसेल तर झुकण्याऐवजी उतरून शिडी सरकवावी.

हिशेब

प्लास्टरमध्ये बसून मी चारही जखमांचा हिशेब मांडला. खिळे "नंतर काढू" म्हटले. पत्रा मोज्यांशिवाय धरला. चाळीस रुपयांचा चष्मा मिळतो, तो घातला नाही. दमलेला असताना, अंधारात, "एकच राहिला" म्हणून चढलो. यांत नशिबाचा भाग कुठेच सापडला नाही. गवंडीमामांच्या अंगावर चाळीस वर्षांच्या कामाच्या खुणा फार थोड्या आहेत, कारण ते सावकाश काम करतात, खिळा निघाला की लगेच डब्यात टाकतात आणि सूर्य कलला की थापी धुतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चारही वेळा घरात एक डॉक्टर हजर होता आणि निदान दोन वेळा तो कुचकामी ठरला, कारण तोच जखमी होता. उपयोगी पडली ती त्याच्या आजूबाजूची माणसे. म्हणून प्रथमोपचाराचे ज्ञान घरातल्या एकाच शहाण्या माणसाला असून भागत नाही. ते गृहिणीला हवे, शाळकरी मुलाला हवे, कामावर येणाऱ्या गड्यालाही हवे.

आज रविवार आहे. एवढे करावे: घरातल्या प्रत्येकाच्या धनुर्वाताच्या शेवटच्या डोसाची तारीख एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि १०८ त्याखाली लिहावा. एका डब्यात स्वच्छ कापडाच्या घड्या, साबण, पट्टी आणि कात्री ठेवावी. आणि घरी गवंडी, सुतार किंवा रंगारी काम करत असेल तर पाण्याची एक भरलेली बादली बाजूला ठेवावी.

आमची खोप उभी आहे. डावी भिंत थोडी कलती आहे, ती माझी. सरळ आहे ती मामांची. आत शिरताच खुंटीवर चष्मा आणि हातमोजे टांगलेले आहेत, आणि दाराशी भरलेली बादली असते. ती मामांनी ठेवली होती, आता सौ. भरते.